चाकं टेकल्यावर

सुनेने पुढचं उजवं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि नानांच्या तोंडून "अगं" एवढा शब्द निसटलाच.

"बोलले!" पायरीवर बसलेल्या सासूबाईंनी विणायची सुई वर केली. "बोलले की नाही?"

"खोकलो," नाना म्हणाले.

"खोकला 'अगं' म्हणतो होय? आणि आता आणखी एक शब्द झाला."

गाडीच्या पलीकडून सुनेचं डोकं वर आलं. केस फडक्यात बांधलेले, नवऱ्याचा जुना शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. "असू द्या हो आई. अजून खालच्या बोल्टला पाना कुठे लागलाय? पाना लागला की मोजायला लागा."

"बरं, हे दोन माफ." सासूबाईंनी नानांकडे वळून शाळेतल्या बाईंचा आवाज काढला. "आता मात्र हाताची घडी, तोंडावर बोट."

नानांनी खरोखरच हाताची घडी घातली. अंगणातल्या पत्र्याखाली, गाडीपासून चार हातांवर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती, पाठीला उशी लावून. चाळीस वर्षं गाड्यांखाली उताणं पडून काढलेला माणूस. समोर गाडी उघडी पडली आहे आणि आपण उशीला टेकून बसलो आहोत, हे त्यांना आपल्याच घरी पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटत होतं.

पैज लागली होती गेल्या रविवारी, जेवणाच्या टेबलावर. कंबरेने संप पुकारल्यापासून दोन वर्षं नानांच्या गॅरेजचं शटर खाली होतं. शेजारच्या फर्निचरवाल्याला ती जागा गोदामासाठी हवी होती, आणि नाना जवळजवळ हो म्हणून बसले होते. तेवढ्यात सून म्हणाली, "नाना, मी चालवू का गॅरेज?"

मुलाचा घास हातातच राहिला. नाना हसले. हसायला नको होतं, हे त्यांनाही लगेच कळलं. पण हसून झालं होतं.

सुनेला राग आला असला तरी तो तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही. अकरा वर्षं ती रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती. कारखाना दूर हलला, तिची नोकरी गेली, आणि गेले आठ महिने घरातला पंखा, कुलूप, मिक्सर, शेजारणीचं शिलाई मशीन, जे म्हणून बिघडेल ते ती उघडून बसत होती. "आपल्या गाडीचं पुढून खडखडतंय," ती म्हणाली. "आर्मचे चारही बुश गेलेत. मी घरीच बदलते. तुम्ही समोर बसा. मध्ये एकदा जरी तुम्हाला 'असं नाही, तसं कर' म्हणून सांगावं लागलं, तर पुन्हा गॅरेजचा विषय काढणार नाही."

"आणि नाही सांगावं लागलं तर?" हे विचारलं सासूबाईंनी. पंच म्हणून त्यांनी स्वतःची नेमणूक तिथल्या तिथे करून टाकली होती.

"तर किल्ली हिची," नाना म्हणाले. अगदी सहज म्हणाले. पहिल्या दहा मिनिटांत आपण तोंड उघडणार, याची त्यांना खात्री होती. सुनेने मात्र टेबलाची कड दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते नानांनी पाहिलं, आणि मग पाहिलं नाही असं केलं. मुलाने या भानगडीत आपल्याला ओढू नये असं हात जोडून सांगितलं आणि आजच्या रविवारी मुद्दाम जादा पाळी घेऊन तो कामावर पळाला.

बुश ही तशी क्षुल्लक वस्तू. दोन लोखंडी नळ्या, एकीत एक, आणि त्यांच्या मध्ये जाड रबर. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतो, तिथे तो बसतो आणि खड्ड्याचा दणका सगळ्यांच्या आधी आपण खातो. कोणाला दिसत नाही, कोणाला त्याचं नाव माहीत नसतं. फाटला की मात्र सगळी गाडी कुरकुरायला लागते.

सून पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. त्याआधी तिने मागच्या चाकांना दगड लावले होते, हँडब्रेक दोनदा ओढून पाहिला होता, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या उभ्या केल्या होत्या. घोड्यांवर गाडी टेकल्यावर तिने खांद्याने गाडीला एक धक्का देऊन पाहिला. नाना हे असंच करायचे. आपल्याला हिने कधी बघितलं, हे काही त्यांना आठवेना.

"नाना, तुमचा ठिपका," गाडीखालून आवाज आला.

बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. नानांची ही जुनी रीत. स्वतःच्या हाताने आवळलेल्या प्रत्येक बोल्टला पिवळा ठिपका. म्हणजे हा बोल्ट नानांनी पाहिला आहे, आता यात पुन्हा बघायचं काही राहिलं नाही. गावातल्या दुसऱ्या गॅरेजांतही म्हणे, पिवळा ठिपका दिसला की तिथे पाना लावत नसत. हा ठिपका तीन वर्षांपूर्वीचा, कंबर जाण्याआधीच्या शेवटच्या शेवटच्या कामांतला. सुनेने फडक्याने ठिपका पुसून घेतला, मग पाना लावला. ठिपका नीट दिसेपर्यंत ती थांबली होती, एवढं नानांना खुर्चीतून कळलं.

बोल्ट हलेना. नानांचे ओठ हलले. हातोडीने दोन ठोके घाल, मग हलेल, हे शब्द दातांपर्यंत आले. सुनेने हातोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. कसलंसं तेल मारलं, बाहेर आली, हात पुसले आणि चक्क चहा प्यायला पायरीवर येऊन बसली.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"भिजतोय."

वीस मिनिटांनी तो बोल्ट कुरकुरत का होईना, पण सरळ फिरून बाहेर आला. आटे शाबूत. नानांनी मांडी बदलली.

दोन्ही आर्म निघून फरशीवर आले, तशी नाना मनातल्या मनात म्हणाले, आता येईल खरी मजा. आर्मच्या गोल भोकात घट्ट बसलेला जुना बुश काढणं म्हणजे ज्याचं काम त्यानेच करावं. नाना आधी रबर जाळायचे. मग काळ्या धुरात खोकत, छिन्नी लावून नळीवर घण घालायचे. गल्लीतल्या सगळ्यांना कळायचं, आज नानांकडे बुशचं काम आहे.

सुनेने आतून एक लांब आट्यांची सळई आणली. सळईच्या एका बाजूला बुशएवढी चकती, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा थोडा मोठा पाइपाचा तुकडा, वॉशर, आणि दोन नट. सळई बुशमधून घातली, पाइप आर्मला टेकवला आणि नट फिरवायला लागली. एक फेरा. दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला 'कट्' असा आवाज झाला आणि चाळीस वर्षं घणाशिवाय न ऐकणारा बुश, दारातून वाकून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा, हळूच पाइपात सरकला.

धूर नाही. घण नाही. सासूबाईंची वीणसुद्धा थांबली नाही.

नानांचं तोंड उघडं पडलं होतं. ते त्यांनी मिटलं. हे त्यांना आपल्या पंचविशीत कोणी दाखवलं असतं तर उजव्या कानाने आज निम्मंच ऐकू येतं, ते पूर्ण आलं असतं. साधी सळई आणि पाइप! भंगारात पडलेल्या वस्तू! त्यांना स्वतःचा थोडा रागही आला. आणि त्या रागाच्या पोटातच, अगदी नाइलाजाने, भले शाब्बास असंही आलं. ते त्यांनी गिळून टाकलं, कारण शाब्बास हासुद्धा शब्दच, आणि पंच फार कडक होता.

जुना बुश सुनेने त्यांच्या पायांजवळ आणून ठेवला, वर्तमानपत्रावर. रबर फाटून आतली नळी लोंबत होती. तीन वर्षांत चिंधी झाली होती त्याची. रबर हल्ली पहिल्यासारखं येत नाही, नानांनी मनात म्हटलं. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक वर्षभरात परत आलं की ते हेच म्हणायचे, आणि जेवताना घरातही हेच. कारखानेवाले रबरात माती कालवतात म्हणायचे. नाहीतर मग म्हणायचे, चालवणाऱ्याला अक्कल नाही.

मास्तरांना ते असंच म्हणाले होते.

भूगोलाचे मास्तर. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी गॅरेजच्या बाकावर बसून त्यांनी नानांशी बुद्धिबळ खेळलेलं. त्यांच्या गाडीचे हेच बुश चार वर्षांत तीनदा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा गॅरेजमध्ये चार माणसं होती, आणि चार माणसांसमोर नाना म्हणाले, "मास्तर, तुम्हाला चालवता येत नाही, त्याला गाडी काय करणार? खड्डा दिसला की घातलाच." मास्तर गाडी अशी चालवत की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. सगळे हसले. मास्तरांनी काम पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली, बुद्धिबळाची पेटी काखोटीला मारली आणि गेले. सात वर्षं झाली. रस्त्यात दिसले तर दोघांपैकी एकजण पलीकडच्या बाजूला जातो.

"आई, फ्रीजमधून काढता का ते?"

सासूबाई उठून आत गेल्या आणि प्लास्टिकच्या डब्यात चार नवे बुश घेऊन आल्या. रात्रभर ते बर्फाच्या कप्प्यात होते. "मटाराच्या शेजारी ठेवले होते हिने," त्या नानांना म्हणाल्या. "मी म्हटलं, भाजीत पडले तर तुमचे सासरे चावून बघतील आणि म्हणतील, रबर पहिल्यासारखं येत नाही."

सून हसली. नानांना हसायची परवानगी होती की नाही ते ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी नुसते डोळे मोठे केले. पण गारठ्याने लोखंड केसभर आकसतं आणि बसायला सोपं जातं, हे त्यांना लगेच उमगलं. त्यातली हुशारी त्यांना मनापासून आवडली. तिने आर्मवर आधीच खडूने खूण केली होती, जुना बुश कोणत्या कोनात होता त्याची. नव्या बुशवरची खूण तिच्याशी जुळवली, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि त्याच सळईने, त्याच धीम्या फेऱ्यांनी बुश आत ओढून घेतला. पुसून पाहिला. नखाने कड तपासली. मग दुसरा. चौथा बसला तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि पाना लागल्यापासून नानांनी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांना सांगण्यासारखं काही सापडलंच नव्हतं. घोड्यांपासून खडूपर्यंत सगळं चोख.

गॅरेजची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात होती. ती त्यांना एकाएकी जड लागायला लागली.

आर्म पुन्हा जागेवर चढले. बोल्ट शिरले. सुनेने नट हाताने फिरवत नेले, मग पान्याने जेमतेम टेकवले. चाकं लावली. आणि मग आवळायचं सोडून ती उठली, भिंतीशी रचून ठेवलेल्या जाड फळ्यांचे चार थर करून प्रत्येक पुढच्या चाकाखाली सरकवले, आणि जॅकचा दांडा हातात घेतला.

नाना खुर्चीत पुढे सरकले.

तिने जॅकने गाडी जराशी उचलली. घोड्या काढल्या. आता जॅक सोडायला लागली. गाडी खाली यायला लागली, आणि चारही बोल्ट सैल!

नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलेला पहिला नियम हा होता. सैल बोल्टवर गाडी जमिनीला टेकवायची नाही. भाकरी मिळाली नाही तरी चालेल, झोप नाही मिळाली तरी चालेल, पण सैल बोल्टवर गाडी नाही. या एका चुकीसाठी त्यांनी दोन कारागिरांना त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

"आवळ आधी!" ते ओरडले. "अगं आवळ! सैल आहेत चारही! मारशील कोणाला तरी!"

शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. सासूबाईंची सुई थांबली.

सुनेचा हात जॅकवर तसाच राहिला. गाडी चारही चाकांवर उभी होती. तिने जॅक बाजूला काढला, उठून उभी राहिली, आणि फडक्याला हात पुसत राहिली. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिली.

"तुम्ही बोललात, नाना," ती म्हणाली.

"बोलणारच! हे काय काम झालं? सकाळपासून सोन्यासारखं काम केलंस आणि..." नानांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हातातोंडाशी आलेलं आपणच पाडल्यासारखं वाटत होतं.

"सैल नाही ठेवणार. आता आवळते."

"आता? वजन पडल्यावर?"

"वजन पडल्यावरच." तिचा आवाज चढला नव्हता. "नाना, बोल्ट आवळला की बुशातली आतली नळी जखडते. मग ती फिरत नाही. फिरतं ते रबर, पिळून. गाडी टांगलेली असते तेव्हा आर्म खाली लोंबत असतो. तेव्हा नळी जखडली आणि नंतर गाडी खाली उतरवली, की आर्म वर येतो आणि रबराला पीळ बसतो. गाडी नुसती उभी असली तरी तो पीळ सुटत नाही. मग वर्षा-दोन वर्षांत फाटतं."

"चाळीस वर्षं मी..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

सुनेने फडकं खांद्यावर टाकलं. "कारखान्यात आमच्याकडे परत आलेले बुश यायचे, फाटलेले. गॅरेजवाले लिहून पाठवायचे, रबर खराब. आम्ही रबर तपासायचो, ते चांगलं असायचं. मग मी एकदा तीसेक बुश घेऊन त्यांच्या फाटी बघितल्या. खड्ड्याने फाटतं तेव्हा कुठूनही फाटतं. हे सगळे तिरके फाटलेले होते, सगळे एकाच बाजूला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? जेवताना मी रबराला शिव्या घालायचो तेव्हा?"

"तुम्ही मला सांगत होतात, नाना. विचारत नव्हतात."

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

नाना वाकले. कंबरेत कळ आली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. वर्तमानपत्रावरचे चारही जुने बुश त्यांनी उचलले, एकेक करून चष्म्याजवळ नेले. पहिल्याची फाट तिरकी होती. दुसऱ्याचीही. तिसरा त्यांनी उलटा धरला, मग सुलटा. चौथा बघायची गरज नव्हती, तरी बघितला. हे त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेले होते, हवेत टांगलेल्या गाडीला, जीव लावून आवळलेले, वर पिवळा ठिपका दिलेले. जितकं घट्ट आवळलं तितकं वाटोळं केलं.

जुन्या गाड्यांना स्प्रिंगचे पाटे असायचे, सांध्यांत रबराऐवजी ग्रीस भरायचे, त्यांना उस्तादाचा नियम बरोबर होता. मग गाड्या बदलल्या. नियम कोणी बदलला नाही, कारण नानांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

"तुमचा हात चुकला नाही, नाना," सून हलकेच म्हणाली. "नियमही खोटा नाही. फक्त या गाड्यांचा नाही." मग ती फळ्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली सरकली, कारण काम राहिलं होतं.

नानांनी चष्मा पुसला. खुर्चीच्या हाताला धरून उठले. अंगणात पुठ्ठा पडला होता, तो त्यांनी पायाने गाडीजवळ ओढला आणि आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कोपर असे टप्प्याटप्प्याने खाली गेले.

"अहो, कंबर!" सासूबाई उभ्या राहिल्या.

"तू गप्प बस. आता तुझी पाळी," नाना म्हणाले आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा गाडीखाली पाठीवर झोपले.

सुनेने सरकून जागा करून दिली. तिच्या हातात लांब दांड्याचा पाना होता, ठरलेला जोर झाला की 'टक्' वाजणारा. नाना एरवी त्याला खुळखुळा म्हणायचे, कारण जोर मनगटात असतो. आता ते तिचं मनगट बघत होते. ती घाई करत नव्हती. पाना बसवायची, श्वास सोडायची, ओढायची. टक्. पुढचा बोल्ट. टक्. या मुलीला आपण हसलो होतो. चौथा 'टक्' झाला तेव्हा नाना सांगाड्याकडे, तिथे काहीच बघायचं नसताना, बघत राहिले.

सुनेने शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. पिवळा रंग. आज सकाळी तिने तो त्यांच्या कपाटातून घेतला होता.

"ठिपका तुम्ही लावा," ती म्हणाली. "तुमच्या घरची गाडी आहे."

"तू लाव. आवळेल त्याचा ठिपका."

तिने चार ठिपके लावले. चौथा जरा फिसकटला.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी नानांची पाठ झटकत विचारलं, "मग? पंचाने काय धरायचं? बोललात तर तुम्ही चांगले, गावाला ऐकू जाईल असं."

सुनेने पाने पुसून पेटीत ठेवायला घेतले, लहानाशेजारी लहान, मोठ्याशेजारी मोठा. मान वर न करता ती म्हणाली, "अट म्हणजे अट, आई. नानांना बोलावं लागलं. फर्निचरवाल्याला कळवायला हरकत नाही." पेटीचं झाकण तिने दोनदा लावलं. पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं.

"गाडी फिरवून बघायला नको का?" नाना म्हणाले. "चल. मी येतो."

रस्त्यावर सून गाडी चालवत होती आणि नाना शेजारी खिडकीची काच खाली करून कान लावून बसले होते, चांगला कान बाहेरच्या बाजूला. पहिला गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली. आवाज नाही. तिने मुद्दाम उखडलेल्या डांबरावरून घातली. तरी नाही. गाडीने जणू इतक्या दिवसांची कुरकुर सोडून दिली होती. सून नेहमीसारखी हसली नाही, फक्त आरशात एकदा मागे बघितलं.

चौकात तिने घराकडे वळायला उजवा दिवा लावला.

"डावीकडे घे," नाना म्हणाले.

"डावीकडे काय आहे?"

"घे तर."

तिसऱ्या गल्लीत, एका निळ्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. फाटकाच्या आत, कापडाच्या आच्छादनाखाली एक जुनी गाडी उभी होती. तिच्या पोटाखाली एकावर एक तीन पिवळे ठिपके असणार. शेजारी मास्तर कुंड्यांना पाणी घालत होते. नानांना बघून त्यांनी नळी खाली ठेवली नाही, फक्त पाठ थोडी ताठ केली.

नाना उतरले, फाटकापर्यंत गेले. आत गेले नाहीत. सून गाडी बंद करून मागे येऊन उभी राहिली.

"मास्तर."

"हं."

"गाडी चालते अजून?"

"चालते."

"वाजते?"

"वाजते." मास्तर कुंडीकडे बघत म्हणाले, "मला चालवता येत नाही, त्याला गाडी काय करणार?"

सात वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. नानांनी ते गिळलं. त्यांनी फाटकाची सळई धरली.

"तुम्हाला येते चालवता. मला आवळता येत नव्हतं."

मास्तरांच्या हातातली नळी एकाच कुंडीवर राहिली. कुंडी भरली, पाणी काठावरून त्यांच्या चपलांवर यायला लागलं.

"काय म्हणालात?"

"तीनही वेळा माझंच चुकलं. रबर चांगलं होतं, तुमचा पायही हलका होता. चार माणसांत तुम्हाला बोललो. आता इथे चार माणसं नाहीत, पण म्हणत असाल तर गोळा करतो."

मास्तर वाकले आणि त्यांनी नळ बंद केला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज. साडेबाराला."

"आणि सांगितलं कोणी?"

नानांनी मागे न बघता अंगठा खांद्यावरून मागे केला. मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या नखांतलं काळं, कपाळावरचा ग्रीसचा पट्टा, शर्टाच्या खिशावरचा पिवळा डाग.

"हिला येतं?"

"हिलाच येतं," नाना म्हणाले.

मास्तर गाडीपाशी गेले, आच्छादनाची कड उचलून आत बघितलं, पुन्हा सोडली. "आणली असती उद्या," ते म्हणाले. "पण शटर तुमचं दोन वर्षं खाली आहे."

नानांनी बंडीच्या खिशात हात घातला. किल्ली काढली, वळले, आणि सुनेच्या काळ्या तळहातावर ठेवून तिची बोटं आपल्या हाताने मिटली.

"उद्या वर असेल. किती वाजता, ते हिला विचारा."